संगणकाच्या पोटातील कार्ड रीडर

कॅमेऱ्याच्या कार्डावरील छायाचित्रे संगणकात उतरविण्यासाठी कार्ड रीडर लागतो. तो पेटीच्या आतच बसवावयाचा असेल, तर दुकानात जाण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली, दर्शनी बाजूस ३.५ इंची खण रिकामा आहे काय? दुसरी, मदरबोर्डवर यूएसबीची कोणती जोडणी मोकळी आहे? ९ पिनांची जोडणी यूएसबी २.० ची, वेग सेकंदाला ४८० मेगाबिट. १९ पिनांची ३.० ची, वेग ५ गिगाबिट.

तिसरी गोष्ट कार्डाची. २ जीबीपर्यंतचे एसडी, ३२ जीबीपर्यंतचे एसडीएचसी आणि त्यापुढचे, २००९ साली जाहीर झालेले एसडीएक्ससी ही दिसावयास सारखीच; पण जुना रीडर नवे कार्ड वाचीलच असे नाही. अशा वेळी संगणक कधी कधी ‘कार्ड फॉरमॅट करू काय?’ असे विचारतो. होकार मुळीच देऊ नये. स्नेहसंमेलनाची सारी छायाचित्रे हातची जावयाची! कार्ड काढून योग्य रीडरात घालून पाहावे.

बसविताना प्रथम वीज तोडावी व पेटीच्या धातूस स्पर्श करून अंगावरील स्थिर विद्युत घालवावी. काही जुन्या मदरबोर्डांवर फायरवायरची जोडणीही ९ पिनांचीच असते. तीत यूएसबीची वायर खोचल्यास रीडर जळू शकतो. तेव्हा जोडणीशेजारची छापील अक्षरे आधी वाचावीत, मगच वायर खोचावी.