‘शुगर-फ्री’ आणि ‘नो ॲडेड शुगर’ यांत फरक काय? मधुमेहींनी पाकिटावर काय वाचावे?

दिवाळी जवळ आली की दुकानात ‘शुगर-फ्री’ बर्फी आणि ‘नो ॲडेड शुगर’ लाडवांचे डबे शेजारीशेजारी दिसतात. मराठीत आपण दोन्हींना ‘बिनसाखरेचे’ म्हणतो. घरात कुणाला मधुमेह असेल तर कोणताही डबा निर्धास्तपणे उचलला जातो. प्रत्यक्षात या दोन शब्दांचे अर्थ वेगळे आहेत.

‘शुगर-फ्री’ म्हणजे काय?
तयार पदार्थात साखर जवळजवळ नाही, असा हा दावा आहे. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८च्या नियमांनुसार १०० ग्रॅम किंवा १०० मिलिलिटरमध्ये साखर ०.५ ग्रॅमपेक्षा जास्त नसावी. यात ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि दुधातील लॅक्टोजही मोजले जाते. खव्यात लॅक्टोज एकवटलेले असल्याने खव्याची बर्फी या व्याख्येत बसणे अवघडच.

‘नो ॲडेड शुगर’ म्हणजे काय?
यात बनवणाऱ्याने वरून साखर, मध किंवा सिरप घातलेले नसते. मूळ घटकातली साखर मात्र तशीच राहते. घरचा बिनसाखरेचा दुधाचा चहा याच प्रकारातला, कारण १०० मिलिलिटर दुधात सुमारे ५ ग्रॅम लॅक्टोज असते. खजुरात तर १०० ग्रॅममागे ६० ग्रॅमहून अधिक साखर असते. म्हणून खजुराचे लाडू साखर न घालताही रक्तातील साखर वाढवू शकतात. साखरेऐवजी सुक्या फळांची पेस्ट किंवा फळांचा आटवलेला रस गोडीसाठी वापरला असेल, तर नियमांनुसार हा दावा करता येत नाही.

मग ‘शुगर-फ्री’ सुरक्षित का?
तसेही नाही. ‘शुगर-फ्री’ बिस्किटात मैदा असतोच आणि त्यातील स्टार्चचे पोटात ग्लुकोज होते. गोडीसाठी अनेकदा माल्टिटॉल वापरतात. त्यात साखरेच्या साधारण निम्म्या कॅलरी असतात आणि ते जास्त खाल्ल्यास पोट बिघडू शकते. बर्फीतले तूप आणि त्याच्या कॅलरीही कमी होत नाहीत.

खरेदी करताना काय पाहाल?
* पाकिटाच्या पुढच्या बाजूपेक्षा मागचा पोषणतक्ता वाचा.
* ‘टोटल शुगर्स’ म्हणजे एकूण साखर, ‘ॲडेड शुगर्स’ म्हणजे वरून घातलेली. दुसरा आकडा शून्य असला तरी पहिला मोठा असू शकतो.
* मधुमेहींनी ‘कार्बोहायड्रेट’चा आकडाही पाहावा. त्यात साखर आणि स्टार्च दोन्ही येतात.
* घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. खजूर किंवा मैदा पहिला असेल, तर तोच सर्वाधिक आहे.
* आकडे १०० ग्रॅमचे आहेत की एका नगाचे, हे तपासा.

सुट्या मिठाईवर असा तक्ता नसतो. तिथे गोडीसाठी काय वापरले, हे दुकानदाराला थेट विचारावे आणि किती खायचे ते डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञांच्या सल्ल्याने ठरवावे.