नौकांचा रंग आणि बंदरांचा तळ

पर्यटकांच्या नौकांनी गजबजलेल्या बंदरांतील प्रदूषणाचा विषय निघाला की सांडपाणी, तेलाचा तवंग आणि प्लास्टिक यांचा उल्लेख आधी होतो. परंतु गेल्या अर्धशतकात अशा बंदरांच्या तळावरील जीवसृष्टीची जी हानी सर्वांत भक्कम पुराव्यानिशी नोंदली गेली, ती नौकेच्या बुडाला लावलेल्या रंगातून झिरपणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या एका पदार्थामुळे झाली होती.

पाण्यात उभ्या असलेल्या नौकेच्या बुडावर काही आठवड्यांतच शेवाळ, बार्नेकल नावाचे कवचधारी जीव आणि शिंपले जम बसवतात, त्यामुळे तिची गती मंदावते आणि इंधनाचा खर्च वाढतो. लाकडी जहाजांच्या काळात यावर तांब्याच्या पत्र्याचा उपाय होता आणि ब्रिटिश नौदलाने १७६१ मध्ये ‘अलार्म’ या युद्धनौकेवर त्याचा प्रयोग केला होता. पुढे लोखंडी जहाजे आली, तांब्याच्या सान्निध्यात लोखंड झपाट्याने गंजू लागले, आणि पत्र्याची जागा तांब्याची संयुगे मिसळलेल्या रंगांनी घेतली. १९५० च्या दशकात नेदरलँड्समधील उट्रेख्त येथे कथिलाच्या सेंद्रिय संयुगांच्या जीवनाशक गुणांवर संशोधन झाले, आणि त्यानंतरच्या दशकापासून ट्रायब्युटिलटिन, म्हणजे कथिलाच्या अणूला तीन कार्बनी साखळ्या जोडलेले संयुग, या रंगांत वापरात आले. १९७० च्या दशकात तर असे रंग निघाले की त्यांचा पृष्ठभाग समुद्राच्या पाण्यात हळूहळू झिजत राही आणि खालून ताज्या विषाचा थर सतत उघडा पडे. नौकामालकांना हा रंग वरदान वाटला यात नवल नाही, कारण एकदा लावला की वर्षानुवर्षे बूड खरवडावे लागत नसे.

या सोयीची किंमत प्रथम उघड झाली ती फ्रान्सच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील आर्काशों उपसागरात. अरुंद मुखातून अटलांटिक महासागराला जोडलेला हा उथळ उपसागर कालवांच्या शेतीसाठी जितका प्रसिद्ध आहे, तितकाच उन्हाळी पर्यटनासाठीही आहे, आणि हजारो हौशी नौका तेथे कालवांच्या वाफ्यांपासून थोड्याच अंतरावर नांगरलेल्या असत. १९७७ पासून कालवांची पिल्ले, म्हणजे पाण्यात तरंगत राहून नंतर तळाला चिकटणारे डिंभ, तगेनाशी झाली. मोठ्या कालवांचे कवच बेढब जाड होऊन त्याच्या थरांमध्ये जेलीसारख्या द्रवाने भरलेल्या पोकळ्या दिसू लागल्या आणि असा माल बाजारात विकण्याजोगा राहिला नाही. वर्षाला १० हजार टनांहून अधिक असलेले उत्पादन १९८१ पर्यंत सुमारे ३ हजार टनांवर आले. संशोधक क्लोद आल्झियू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विकृतीचा संबंध नौकांच्या रंगाशी जोडून दाखवला, आणि जानेवारी १९८२ मध्ये फ्रान्सने लहान नौकांवर या रंगाच्या वापरास बंदी घातली. त्यानंतर कालवांची पैदास पुन्हा सुरू झाली, आणि रासायनिक प्रदूषणाच्या इतिहासात कारण दूर होताच परिणाम इतक्या लवकर ओसरल्याची उदाहरणे फार थोडी आहेत.

कालवांमागे एक व्यवसाय उभा होता, म्हणून त्यांची दखल घेतली गेली. ज्या गोगलगायींना बाजारात काही किंमत नव्हती त्यांची कथा मात्र अधिक लांबली. १९७० मध्ये इंग्लंडमधील प्लिमथ येथे एका शास्त्रज्ञाला ‘डॉग व्हेल्क’ या खडकाळ किनाऱ्यावरील शंखधारी गोगलगायीच्या माद्यांमध्ये नराची जननेंद्रिये वाढलेली आढळली, आणि सुमारे त्याच वेळी अमेरिकेतील कनेटिकट राज्याच्या किनाऱ्यावर, चिखलात राहणाऱ्या दुसऱ्या एका गोगलगायीत हीच विकृती दिसून आली. तिला ‘इम्पोसेक्स’ म्हणतात, म्हणजे मादीच्या शरीरावर नराच्या अवयवांचे आरोपण. कनेटिकटमध्ये हा अभ्यास करणाऱ्या स्मिथ यांनी १९८१ मध्ये दाखवून दिले की हौशी नौकांच्या धक्क्यांजवळ विकृतीचे प्रमाण अधिक असते आणि तिचे मूळ कथिलयुक्त रंगात आहे. प्लिमथच्या ब्रायन आणि गिब्ज यांनी १९८६ मध्ये इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील डॉग व्हेल्कच्या ऱ्हासाचा पुरावा मांडला, आणि पुढील अभ्यासांतून स्पष्ट झाले की एक लिटर पाण्यात सुमारे एक नॅनोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा अब्जावा भाग, इतके अल्प ट्रायब्युटिलटिनही ही विकृती घडवण्यास पुरते. विकृती वाढली की नरनलिका मादीच्या प्रजननमार्गाचे तोंड बंद करते, अंड्यांच्या कुप्या बाहेर पडू शकत नाहीत आणि अखेरीस मादी मरते. या गोगलगायीचे डिंभ पाण्यात तरंगत दूर जात नाहीत, पिल्ले अंड्यांच्या कुपीतून थेट खडकावर रांगत बाहेर येतात; म्हणून एखाद्या खडकावरील वस्ती संपली की शेजारच्या किनाऱ्यावरून तेथे नवी वस्ती होण्यास बराच काळ लागतो.

ब्रिटनने १९८७ मध्ये आणि अमेरिकेने १९८८ मध्ये लहान नौकांसाठी हा रंग बंद केला, पण मोठ्या जहाजांवर तो चालू राहिला. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा यासंबंधीचा करार ५ ऑक्टोबर २००१ रोजी स्वीकारला गेला आणि १७ सप्टेंबर २००८ रोजी अमलात आला. आर्काशोंतील बंदीनंतर सव्वीस वर्षांनी हे घडले, आणि हा विलंब पुराव्याच्या अभावाचा मानता येत नाही, कारण पुरावा १९८० च्या दशकातच हाती होता. उणीव होती ती स्वस्त पर्यायाची.

जे पर्याय आले त्यांनीही तळाला विश्रांती दिली नाही. तांबे परत आले, आणि शेवाळावर तांबे पुरेसे पडत नाही म्हणून त्याला वनस्पतिनाशक द्रव्यांची जोड देण्यात आली. त्यांपैकी ‘इर्गारोल’ म्हणून ओळखले जाणारे, प्रकाशसंश्लेषण थांबवणारे द्रव्य १९९० च्या दशकाच्या आरंभी फ्रान्सच्या रिव्हिएरा किनाऱ्यावरील, आलिशान नौकांसाठी जगप्रसिद्ध असलेल्या बंदरांच्या पाण्यात आढळले. आंतरराष्ट्रीय करारात त्यावरील निर्बंध मात्र १ जानेवारी २०२३ पासूनच लागू झाले. कॅलिफोर्नियातील सान दिएगोच्या शेल्टर आयलंड या हौशी नौकांच्या तळावर विरघळलेल्या तांब्याचा जवळजवळ सगळा भार नौकांच्या रंगातून येतो असे आढळले, आणि २००५ मध्ये तेथील जलनियंत्रण मंडळाने तो ७६ टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट ठरवले.

भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर या प्रश्नाचा अभ्यास गोव्यातील दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने केला. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तेथील शास्त्रज्ञांनी पाणी, गाळ आणि सागरी प्राणी यांत ब्युटिलटिन संयुगांचा शोध घेतला आणि ‘जायरिनियम नाटाटोर’ या गोगलगायीत इम्पोसेक्सची नोंद केली. झुआरी नदीच्या मुखाशी एका बाजूस मुरगावचे व्यापारी बंदर आणि दुसऱ्या बाजूस पर्यटकांच्या नौकांची ये-जा असलेले दोनापावला असल्याने गाळातील विषाचा वाटा नेमका कोणाचा, हे तेथे वेगळे काढणे आर्काशोंइतके सोपे नाही. तरी तळाचे प्राणी दोघांचेही ओझे एकत्रच वाहतात, म्हणून विशेषतः जहाजबांधणीच्या गोद्या आणि पर्यटकांच्या नौकांची दुरुस्ती होणाऱ्या जागा यांभोवतालच्या गाळाची तपासणी नियमितपणे व्हायला हवी. वाहत्या पाण्यात ट्रायब्युटिलटिन काही दिवसांत किंवा आठवड्यांत विघटन पावते, परंतु प्राणवायू नसलेल्या काळ्या गाळात ते वर्षानुवर्षे, कधी दशकभराहूनही अधिक टिकते, आणि मार्ग खोल करण्यासाठी तो गाळ उपसला जातो तेव्हा ते पुन्हा पाण्यात मिसळते.