झिजलेले सस्पेन्शन : दुरुस्ती की बदल?

सुरतेहून नागपुरास जाणारा महामार्ग धुळे व जळगाव या शहरांस जोडतो. धुळ्यास त्याला मुंबई-आग्रा महामार्ग छेदतो. अशा रहदारीच्या प्रदेशात मोटारीचे झिजलेले सस्पेन्शन दुरुस्त करावे की बदलावे, हा प्रश्न नित्याचा होय. त्याचे उत्तर बहुधा किमतीवरून दिले जाते. वस्तुतः ते झिजेच्या स्वरूपावरून ठरवावयास हवे.

रबरी बुश हा मुळी झीज सोसण्यासाठीच योजलेला असतो. त्यास धारण करणारा लोखंडी बाहू वाकलेला वा तडकलेला नसेल आणि बुश सुटा मिळत असेल, तर तेवढाच बदलणे इष्ट. कमानीतील एखादा पाटा तुटल्यास तोही स्वतंत्रपणे बदलता येतो. मात्र बसलेली कमान नुसती ठोकून वाकविल्यास आकार परत येतो, पण पोलादाचा थकवा कायम राहतो, आणि कमान पुन्हा लवकर बसते.

बॉल जॉइंटची गोष्ट निराळी. गोळा व वाटी यांत खेळ आला, म्हणजे मूळ पृष्ठभागच झिजलेला असतो. त्यावर वेल्डिंग केल्यास उष्णतेने पोलादाचे पाणी उतरते. असा सांधा धावत्या गाडीत निखळला, तर चाकावरील ताबाच सुटतो. तो बदलणेच प्राप्त आहे.

तात्पर्य, ‘दुरुस्ती’ या एका शब्दाखाली दोन भिन्न क्रिया नांदतात : झिजण्यासाठीच असलेला भाग नवा घालणे, आणि थकलेल्या धातूस नवा म्हणणे. पहिलीस काटकसर म्हणावे; दुसरीत जिवाची जोखीम आहे.