घूमजावाची दिशा

रिपब्लिकन पक्षाच्या देव्हाऱ्यात मधोमध तसबीर आहे ती रोनाल्ड रीगन यांची. अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उभा राहणारा प्रत्येक इच्छुक त्यांच्या नावाचा जप करतो. या रीगनसाहेबांनी कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर झाल्यावर सहा महिन्यांच्या आत, जून १९६७ मध्ये, गर्भपाताच्या अटी सैल करणाऱ्या कायद्यावर सही केली होती. त्याच वर्षी त्यांनी मोठी करवाढही लागू केली. त्याच्या पाचच वर्षं आधीपर्यंत ते डेमोक्रॅटिक पक्षाचे नोंदणीकृत मतदार होते. पुढे त्या कायद्याबद्दल त्यांनी खेद व्यक्त केला आणि १९८० मध्ये करकपात व गर्भपातविरोध अशी दोन निशाणं खांद्यावर घेऊन ते निवडून आले. सत्तेवर आल्यावर १९८१ मध्ये कर कापले, १९८२ मध्ये त्यातला काही भाग पुन्हा वाढवला. तसबीर जागची हलली नाही.

अमेरिकेत दर चार वर्षांनी उमेदवारीचा हंगाम आला की जुन्या चित्रफिती बाहेर निघतात. अमका दहा वर्षांपूर्वी काय म्हणत होता आणि आज काय म्हणतो, हे शेजारीशेजारी दाखवलं जातं. विरोधक हसतात, वार्ताहर खोदून विचारतात, उमेदवार सारवासारव करतो. या खेळातून फारसं काही हाती लागत नाही. माणसं मतं बदलतात, राजकारणी तर बदलतातच. उजव्या गोटातल्या इच्छुकांकडे बघताना मला जास्त कुतूहल वाटतं ते याचं, की कुठली पलटी पचते आणि कुठली अंगाशी येते.

थोरल्या जॉर्ज बुश यांना दोन्ही अनुभव आले. एप्रिल १९८० मध्ये, रीगन यांच्याविरुद्ध उमेदवारीसाठी लढत असताना, त्यांनी रीगन यांच्या अर्थनीतीला 'वूडू', म्हणजे चक्क जादूटोणा, म्हटलं. जुलैमध्ये रीगन यांनी उपाध्यक्षपद देऊ केलं आणि जादूटोणा एकाएकी शास्त्रशुद्ध ठरला. गर्भपाताबद्दलचं मतही त्याच सुमारास पक्षाच्या रांगेत येऊन उभं राहिलं. कोणी फारसं मनाला लावून घेतलं नाही; आठ वर्षांनी पक्षाने त्यांनाच उमेदवारी दिली. १८ ऑगस्ट १९८८ रोजी न्यू ऑर्लिन्सच्या अधिवेशनात, माझ्या ओठांकडे नीट बघा असं म्हणत, त्यांनी नवे कर लावणार नसल्याचं वचन दिलं. पुढे तूट फुगत गेली. १९९० मध्ये त्यांनी डेमोक्रॅट नेत्यांशी तडजोड केली आणि प्राप्तिकराचा सर्वांत वरचा दर २८ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर गेला. देशाच्या तिजोरीचा विचार केला तर पहिल्या पलटीपेक्षा ही दुसरी कितीतरी शहाणपणाची होती. पण तिने ते कायमचे डागाळले. १९९२ मध्ये विद्यमान अध्यक्ष असूनही न्यू हॅम्पशायरमध्ये पक्षांतर्गत प्राथमिक फेरीत पॅट ब्यूकॅनन यांनी त्यांच्याविरुद्ध ३७ टक्के मतं घेतली आणि नोव्हेंबरमध्ये बिल क्लिंटन यांनी त्यांना घरी पाठवलं. पहिल्या वेळी बुश पक्षाच्या कट्टर मतदाराकडे सरकले होते, दुसऱ्या वेळी त्याच्यापासून दूर. एवढाच काय तो फरक.

या कट्टर मतदाराचं वजन किती, हे आयोवात दिसतं. मक्याच्या शेतांचं हे राज्य रिपब्लिकन उमेदवारीच्या लढतीत सर्वांत आधी कौल देतं. ३ जानेवारी २०१२ च्या रात्री तिथल्या रिपब्लिकन कॉकसला, म्हणजे गावोगावच्या शाळांत, चर्चमध्ये आणि सभागृहांत भरणाऱ्या मतदार-बैठकांना, सव्वा लाखाहूनही कमी माणसं आली. आधी मिट रॉमनी आठ मतांनी जिंकले असं जाहीर झालं. पुन्हा मोजणी जुळवल्यावर रिक सँटोरम ३४ मतांनी पुढे निघाले. त्याच रॉमनींना नोव्हेंबरमध्ये देशभरातून सहा कोटींवर मतं पडली आणि तरी ते हरले. उमेदवाराला आधी या लाख-सव्वा लाखांचं मन जिंकावं लागतं, मग कोट्यवधींचं. यातले पहिले चर्चला नेमाने जाणारे, राजकारणाकडे कडवेपणाने पाहणारे. दुसरे बहुतांश आपापल्या कामात असणारे. दोघांना एकच भाषण चालत नाही.

रॉमनी यांची गोष्ट जरा थांबून सांगण्यासारखी आहे, कारण त्यांच्याइतका तळ्यात-मळ्यात खेळलेला माणूस त्या पिढीत दुसरा नाही. १९९४ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये टेड केनेडी यांच्याविरुद्ध सिनेटला उभे असताना, गर्भपात सुरक्षित आणि कायदेशीर असावा असं ते म्हणाले. रीगन-बुश यांच्या काळात आपण अपक्ष होतो आणि त्या काळाकडे परत जाण्याचा आपला विचार नाही, हेही त्यांनी सांगून टाकलं. समलिंगी नागरिकांच्या हक्कांसाठी आपण केनेडींपेक्षा जास्त करू, असं पत्रही लिहिलं. २००२ मध्ये गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत स्त्रीच्या निवडीचा हक्क जपण्याचं वचन दिलं. पुढे मूलपेशींवर संशोधन करणाऱ्या एका शास्त्रज्ञाशी झालेल्या बोलण्यानंतर आपलं मत पालटलं, असं त्यांनी सांगितलं, आणि २००५ मध्ये ते जाहीरपणे गर्भपातविरोधक झाले. मतपरिवर्तन खरंही असेल. माणसाच्या मनात कोण डोकावणार? पण त्याच वेळी २००८ ची तयारी सुरू होती, हेही खरं.

गंमत अशी की रॉमनींना सर्वांत जास्त छळलं ते त्यांनी न बदललेल्या एका गोष्टीने. १२ एप्रिल २००६ रोजी बॉस्टनमध्ये त्यांनी राज्याच्या आरोग्यविमा कायद्यावर सही केली. प्रत्येकाने विमा घ्यायलाच हवा, अशी त्यात सक्ती होती. ही कल्पना डाव्यांची नव्हती. हेरिटेज फाउंडेशन या उजव्या विचारगटाने ती १९८९ मध्येच मांडली होती. २०१० मध्ये ओबामांनी तोच सांगाडा घेऊन देशाचा कायदा केला, आणि कालपर्यंत जबाबदार नागरिकत्वाचं लक्षण असलेली सक्ती रिपब्लिकन पक्षाला एका रात्रीत समाजवाद वाटू लागली. रॉमनी जागेवरच होते, पायाखालची जमीन सरकली होती. मे २०११ मध्ये मिशिगन विद्यापीठात त्यांनी पडद्यावर स्लाइड दाखवत समजावून सांगितलं, की आमच्या राज्यासाठी तो कायदा योग्य होता, देशासाठी तो योग्य नाही. मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. पण कंपनीच्या संचालक मंडळाला पटेल असं ते भाषण सभेला कशाला पटेल? गर्भपाताबद्दलचं घूमजाव पक्षाने नाक मुरडत का होईना गिळलं. विम्याबद्दलचा ठामपणा मात्र शेवटपर्यंत घशात अडकून राहिला.

मग मार्च २०१२ मध्ये त्यांच्याच सल्लागाराने कळस केला. प्राथमिक फेरीत इतकं उजवीकडे गेल्यावर सर्वसाधारण मतदाराचं काय करणार, या प्रश्नावर त्याने 'एच अ स्केच'चं उदाहरण दिलं: हलवलं की सगळं पुसतं, पुन्हा नव्याने काढायचं. हे खेळणं म्हणजे आपल्या जादूच्या पाटीचं भावंड. त्याच दिवशी प्रतिस्पर्धी ते लाल चौकटीचं खेळणं हातात घेऊन सभांमध्ये मिरवू लागले. सल्लागार खरं बोलला होता, म्हणून एवढा गहजब झाला.

रॉमनींना जे जमलं नाही ते डोनाल्ड ट्रम्प यांना कसं जमलं? ऑक्टोबर १९९९ मध्ये दूरचित्रवाणीवरच्या मुलाखतीत ट्रम्प यांनी आपण पूर्णपणे गर्भपाताच्या हक्काच्या बाजूचे आहोत असं सांगितलं होतं. २०११ मध्ये ते विरोधक झाले. ३० मार्च २०१६ रोजी गर्भपात करणाऱ्या स्त्रीला काहीतरी शिक्षा हवी असं म्हणाले आणि काही तासांत ते मागे घेतलं. हिशेबाने पाहिलं तर रॉमनींपेक्षा हा माणूस दसपट संशयास्पद. पण धर्मनिष्ठ मतदारही भोळा नव्हता. रीगनपासून आश्वासनं ऐकून त्याचे कान किटले होते. त्याला आता कोणाच्या अंतःकरणात रस नव्हता, त्याला तारण हवं होतं. मे २०१६ मध्ये ट्रम्प यांनी ते दिलं: सर्वोच्च न्यायालयासाठी आपण ज्यांतून निवड करू त्या न्यायाधीशांच्या नावांची लेखी यादी. इतक्या उघड रीतीने हे आधी कुठल्या उमेदवाराने केलं नव्हतं. कराच्या बाबतीत मात्र अशी पद्धत जुनीच होती. करविरोधी चळवळीतले ग्रोव्हर नॉरक्विस्ट १९८६ पासून उमेदवारांकडून करवाढविरोधी प्रतिज्ञापत्रावर सह्या घेत आहेत. बॉब डोल यांनी १९८८ मध्ये सही नाकारली, न्यू हॅम्पशायरमध्ये हरले, आणि पुढच्या वेळी मुकाट्याने सही करून १९९६ ची उमेदवारी मिळवली.

ट्रम्प यांनी तीन न्यायाधीश नेमले आणि २४ जून २०२२ रोजी न्यायालयाने गर्भपाताचा घटनात्मक हक्क रद्द केला. तारण सुटलं, आणि ट्रम्पही सुटले. कॅन्ससमध्ये ऑगस्ट २०२२ च्या सार्वमतात ५९ टक्के लोकांनी गर्भपातविरोधी घटनादुरुस्ती फेटाळली, तेव्हा वारा कुठे वाहतोय हे त्यांनी ओळखलं. फ्लोरिडाची सहा आठवड्यांनंतरची बंदी ही भयंकर चूक आहे, असं २०२३ मध्ये ते म्हणाले. एप्रिल २०२४ मध्ये प्रश्न राज्यांवर सोडून मोकळे झाले. ऑगस्टमध्ये फ्लोरिडातल्या गर्भपाताच्या हक्कावरच्या सार्वमतावर बोलताना सहा आठवडे फार कमी आहेत म्हणाले, लगेच दुसऱ्या दिवशी त्याच सार्वमतात विरोधी मत देणार असल्याचं जाहीर केलं. इथे माझा दिशेचा नियम अपुरा पडतो, हे मान्य करायला हवं. कट्टर मतदारापासून दूर जाऊनही त्यांना शिक्षा झाली नाही. माझा अंदाज असा, की कर्ज फेडलेल्या ऋणकोला सावकार दुसऱ्यांदा जाब विचारत नाही.

बाकीच्यांना ही सवलत नाही, हे मार्को रुबियो यांना विचारावं. २०१३ मध्ये स्थलांतरितांना नागरिकत्वाचा मार्ग देणाऱ्या विधेयकाचे ते एक शिल्पकार होते. सिनेटने ते ६८ विरुद्ध ३२ मतांनी संमत केलं. पक्षातून ओरड होताच त्यांनी त्यापासून अंग काढून घेतलं, पण २०१६ च्या उमेदवारीच्या लढतीत ते विधेयक त्यांच्या मानगुटीवर बसलेलंच होतं. तेव्हा ज्यांना ते भोंदू म्हणाले, त्या ट्रम्प यांचे ते २०२५ मध्ये परराष्ट्रमंत्री झाले. जे. डी. व्हान्स यांनीही २०१६ मधल्या आपल्या ट्रम्पविरोधाबद्दल २०२१ मध्ये खेद व्यक्त केला. आज ते उपाध्यक्ष आहेत.

स्थलांतराचा हा धागा हिंजवडीपासून न्यू जर्सीच्या एडिसनपर्यंत अनेक मराठी घरांत पोचतो. कुशल कामगारांसाठीच्या एच-१बी व्हिसाच्या मंजूर होणाऱ्या अर्जांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक भारतीयांचे असतात. ३ मार्च २०१६ रोजी डेट्रॉइटच्या वादफेरीत ट्रम्प म्हणाले, की या व्हिसाबद्दल मी मत बदलतोय, आपल्याला कुशल माणसं हवीत. त्याच रात्री त्यांच्या कार्यालयाने नेमकं उलट निवेदन काढलं. उमेदवारीचे इच्छुक विवेक रामस्वामी यांनी २०२३ मध्ये व्हिसाची सोडत मोडीत काढण्याची भाषा केली. त्यांच्या जुन्या कंपनीने मात्र याच व्हिसावर माणसं आणली होती. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांनी परदेशी अभियंत्यांची बाजू घेत अमेरिकी संस्कृतीला सुमारपणाचं कौतुक असल्याची टीका केली, आणि त्यांच्याच गोटातले लोक तुटून पडले. त्याच आठवड्यात ट्रम्प यांना हे व्हिसा नेहमीच आवडत होते. १९ सप्टेंबर २०२५ रोजी त्यांनी नव्या अर्जावर एक लाख डॉलरचं शुल्क लावलं. ते दरवर्षी की एकदाच, याचा खुलासा व्हायला आणखी एक दिवस गेला. तोवर सुट्टीवर आलेले कितीतरी लोक परतीच्या विमानाची तिकिटं शोधत होते. नोव्हेंबरमध्ये ट्रम्प पुन्हा म्हणाले, की काही कौशल्यं आपल्याकडे नाहीत, बाहेरून माणसं आणावी लागतील. वॉशिंग्टनमध्ये याला लवचीकपणा म्हणत असतील. घराचा हप्ता आणि मुलांची शाळा तिथे असलेल्या माणसाला त्यात लवचीक काही दिसत नाही.

कबुली देणारेही असतात, फक्त त्यांची वेळ बघावी. २००० मध्ये उमेदवारीसाठी लढताना साउथ कॅरोलायनात जॉन मॅकेन यांनी गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या दक्षिणेच्या झेंड्याला वारशाचं प्रतीक म्हटलं, कारण तिथली मतं हवी होती. हरल्यावर एप्रिलमध्ये ते परत गेले आणि आपण प्रामाणिकपणे बोललो नव्हतो असं सांगून माफी मागितली. त्याच राज्याच्या गव्हर्नर म्हणून निकी हॅली यांनी २०१५ मध्ये तो झेंडा विधानभवनाच्या आवारातून उतरवला. डिसेंबर २०२३ मध्ये न्यू हॅम्पशायरच्या एका सभेत यादवी युद्ध कशामुळे झालं असं एका मतदाराने विचारलं, तेव्हा त्याच हॅलींच्या उत्तरात गुलामगिरी हा शब्दच आला नाही. दुसऱ्या दिवशी आला.

टेड क्रूझ यांचा एक प्रसंग मात्र या हिशेबात बसत नाही. पेट्रोलमध्ये मक्याचं इथेनॉल मिसळण्याची सक्ती ही आयोवाच्या शेतकऱ्यांची भाकरी. तिथे जाऊन तिच्याविरुद्ध बोलायचं नसतं. २०१६ मध्ये क्रूझ यांनी ती टप्प्याटप्प्याने संपवण्याची भूमिका सोडली नाही. त्यांचा पराभव व्हायला हवा, असं आयोवाचे रिपब्लिकन गव्हर्नर टेरी ब्रॅनस्टॅड यांनी जाहीरपणे सांगितलं. १ फेब्रुवारीला क्रूझ आयोवा जिंकले. पुढे ट्रम्प यांनी त्यांच्या पत्नीच्या रूपाची टिंगल केली आणि वडिलांचं नाव अध्यक्ष जॉन केनेडींच्या मारेकऱ्याशी जोडलं. जुलैमध्ये क्लीव्हलंडच्या अधिवेशनात क्रूझ यांनी ट्रम्प यांना पाठिंबा द्यायचं टाळलं आणि स्वतःच्याच पक्षाच्या प्रतिनिधींची हुर्यो ऐकत मंचावरून उतरले. २३ सप्टेंबरला पाठिंबा दिला. २०१८ मध्ये टेक्सासमधली त्यांची सिनेटची जागा धोक्यात आली, तेव्हा ट्रम्प प्रचाराला ह्यूस्टनमध्ये आले. क्रूझ तीन टक्क्यांहून कमी फरकाने वाचले.