कराच्या सवलतीवर उभी राहिलेली घरं

बँका गरिबांची घरं बांधायला पैसे घालतात, आणि तेही भाड्याच्या आशेने नाही, असं कोणी सांगितलं तर आपण हसू. पण अमेरिकेत १९८६ पासून हेच चालू आहे. त्या वर्षीच्या करसुधारणा कायद्याने कलम ४२ आणलं, आणि कमी उत्पन्नवाल्यांसाठी तिथे होणारी बहुतेक नवी भाड्याची घरं आज त्याच्याच आधारावर उभी राहतात. सिव्हिलच्या सेमिनारला मी हा विषय घेतलाय. यात काँक्रीट कमी आणि हिशोब जास्त, पण खरी गंमत त्या हिशोबातच आहे.

आधी एक फरक. आपल्याकडे जुन्या करपद्धतीत एलआयसीचा हप्ता उत्पन्नातून वजा होतो आणि उरलेल्यावर कर बसतो. ती झाली वजावट. क्रेडिट थेट करातूनच वजा होतं. एक डॉलर क्रेडिट म्हणजे एक डॉलर कर माफ.

ही क्रेडिट्स राज्यांना लोकसंख्येच्या प्रमाणात मिळतात. राज्याची हाउसिंग एजन्सी बिल्डरांचे अर्ज मागवते, त्यांना चक्क मार्क देते आणि वरच्या नंबरांना क्रेडिट वाटते. समजा, जमीन सोडून इमारतीचा खर्च १ कोटी डॉलर. '९ टक्के' प्रकारात वर्षाला साधारण ९ लाख, असं १० वर्षं, म्हणजे एकूण ९० लाख. आता बिल्डरला एवढा कर कुठून भरायचा असणार? त्याला तर सिमेंट-सळईचे पैसे आज हवेत. म्हणून तो बँकेला भागीदार करून घेतो. बँक आज रोख देते आणि १० वर्षं क्रेडिट वापरते. आपल्या मुंबईच्या टीडीआरचा लांबचा भाऊच म्हणा ना! सरकार हातात नोटा ठेवत नाही, बाजारात किंमत असलेला हक्क देतं. शिवाय १९७७ च्या कम्युनिटी रीइन्व्हेस्टमेंट कायद्यामुळे बँकांना गरीब वस्त्यांतलं काम दाखवावंच लागतं. आणि पहिल्या १५ वर्षांत नियम मोडला तर क्रेडिट परत वसूल होऊ शकतं, त्यामुळे इमारतीवर बँकेचाही डोळा असतो.

बदल्यात ही घरं निदान ३० वर्षं, साधारणपणे त्या भागातल्या मध्यम उत्पन्नाच्या ६० टक्क्यांपर्यंत कमाई असलेल्यांनाच द्यायची. खोच अशी की भाड्याची मर्यादा त्या ठरवलेल्या आकड्यावरून निघते, तुमच्या पगारावरून नाही. मेसच्या बिलासारखं, दोन पोळ्या खा नाहीतर दहा! त्यामुळे अगदीच गरीब कुटुंबाला हे भाडंही झेपत नाही, वेगळं सरकारी व्हाउचर लागतं.

पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो प्रश्न जागेचा. ज्या वस्तीत गरिबी २५ टक्के किंवा जास्त आहे, तिथे खर्च ३० टक्क्यांपर्यंत वाढवून धरता येतो. म्हणजे आपले ९० लाख १ कोटी १७ लाखांपर्यंत जाऊ शकतात. जमीनही तिथे स्वस्त. मग बिल्डर कुठे जाणार, सांगा!

डॅलस शहरात नेमकं हेच झालं. अशी ९२ टक्क्यांहून जास्त घरं ज्या वस्त्यांत गोरे निम्म्याहून कमी, तिथेच होती. एका संस्थेने २००८ मध्ये टेक्सासच्या एजन्सीवर केस केली. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ असं ठरवलं की हेतू वाईट नसला तरी परिणाम भेदभावाचा असेल तर दाद मागता येते. मात्र मोडकळीला आलेल्या वस्त्या सुधारणाऱ्यांना यामुळे अडवलं जाऊ नये, असंही निकालात आहे. ती केस पुढे २०१६ मध्ये खालच्या कोर्टात टिकली नाही.

संशोधनही दोन्हीकडे ओढतं. डायमंड आणि मॅक्वेड यांच्या २०१९ च्या अभ्यासात गरीब वस्तीत अशी इमारत आल्यावर आजूबाजूच्या घरांच्या किमती ६.५ टक्के वाढल्या, गुन्हे कमी झाले. उलट राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवलं की व्हाउचर मिळून १३ वर्षांच्या आत कमी गरिबीच्या भागात गेलेली मुलं मोठेपणी ३१ टक्के जास्त कमावतात. म्हणजे वस्तीचं भलं इमारत तिथे बांधण्यात, आणि मुलाचं भलं तिथून निघण्यात?

मला विचाराल तर जुनी वस्ती सोडायची नाही म्हणणाऱ्या आजीला तिथेच नवं घर मिळावं. पण लहान मुलं असलेल्या कुटुंबांची घरं चांगल्या शाळेजवळ बांधणाऱ्याला जास्त मार्क हवेत. २०२५ च्या कायद्याने ९ टक्केवाल्या क्रेडिटचा राज्यांचा कोटा २०२६ पासून १२ टक्क्यांनी वाढवलाय. मार्क कशाला द्यायचे, ते बरंचसं अजूनही राज्यांच्याच हातात आहे.