न्हाणीघरात, स्वतःच्या हाताने

न्हाणीघराचं दार आतून लावायचं. पाकिटातून लांब काडी काढायची. तिच्या टोकाला मऊ बोळा असतो. योनीमार्गात साधारण दोन इंच आत सरकवून दहा ते तीस सेकंद गोल फिरवायची, नळीत घालून झाकण घट्ट लावायचं आणि लिफाफा पोस्टाच्या पेटीत टाकायचा. झाली तपासणी!

अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरातल्या बायका २००४ पासून हे करताहेत. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या शार्लट गेडोस यांनी सुरू केलेल्या या उपक्रमाचं नाव ‘आय वॉन्ट द किट’. संकेतस्थळावर मागणी नोंदवली की संच फुकट मिळतो. लैंगिक संसर्गांच्या आकडेवारीत हे शहर वर्षानुवर्षं वरच्या ओळींत राहिलं आहे, आणि तिथली गरिबीही मोठी. दवाखान्यात जायचं तर कामाचा खाडा, बसचं भाडं, लेकरू कुणाकडे ठेवायचं हा प्रश्न. बाकावर ओळखीचं कुणी भेटलं तर? शिवाय परक्या माणसासमोर टेबलावर झोपण्याची लाज. सुरुवातीच्या अभ्यासात टपालाने आलेल्या ४०० नमुन्यांपैकी ४१ मध्ये क्लॅमिडिया, म्हणजे लैंगिक संबंधातून होणारा एक जंतुसंसर्ग, निघाला.

क्लॅमिडिया बहुतेक बायकांना काहीच जाणवू देत नाही. गुपचूप गर्भनलिकांना इजा करू शकतो आणि कधीकधी कित्येक वर्षांनी मूल राहत नाही तेव्हाच कळतं. म्हणून त्रास नसतानाच शोधावा लागतो.

पूर्वी प्रयोगशाळेत जिवंत जंतू वाढवावे लागत; नमुना वाटेत खराब झाला की संपलं. आजच्या चाचणीत जंतूच्या जनुकीय अंशाच्या असंख्य प्रती काढल्या जातात. त्यामुळे जंतू मेला तरी बिघडत नाही आणि नमुना टपालाने जाऊ शकतो. पुरुषांना लघवी पुरते, पण इथे हमखास चूक होते. नेहमीच्या तपासणीत मधली धार घ्यायची सवय असते. इथे हवी ती पहिली धार, तीही आधी तासभर लघवीला न जाता.

‘मला नीट जमलं का?’ ही शंका बायकांना सतावते, शाळा कमी झालेल्यांना जास्त. ती रास्त आहे, पण उत्तर दिलासा देणारं आहे: क्लॅमिडिया आणि गनोरिया या दुसऱ्या लैंगिक संसर्गासाठी बाईने स्वतः घेतलेला नमुना डॉक्टरांनी घेतलेल्याइतकाच खात्रीचा ठरला आहे. तिला हवी असतात ती चित्रं आणि तिच्याच भाषेतल्या चार ओळी.

स्वतः नमुना घेणं आणखी एका तपासणीतही चालतं. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण होणारा एचपीव्ही विषाणूही लैंगिक संबंधातूनच पसरतो. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १,३१,००० हून अधिक बायकांवर झालेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. एकदाच एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात या कर्करोगाने आठ वर्षांत ३४ मृत्यू झाले, नेहमीच्याच सेवेवर असलेल्या गटात ६४. तिथे नमुना आरोग्यसेविका घेत असत. ऑस्ट्रेलियात जुलै २०२२ पासून तो स्वतः घेण्याची मुभा तपासणीस पात्र असलेल्या प्रत्येकीला आहे.

मात्र ज्याला घरच नाही, त्याचं पाकीट कुठल्या पत्त्यावर जाणार? निवारागृहात संच हातात द्यावा लागतो, आणि निकाल सांगायला पुन्हा तिथेच यावं लागतं. क्लॅमिडिया निघाला तर सहसा डॉक्सिसायक्लिनची गोळी दिवसातून दोनदा, सात दिवस. जोडीदारालाही उपचार हवेत, नाहीतर संसर्ग परत येतो. आणि तीन महिन्यांनी पुन्हा एकदा तीच काडी, तीच नळी.