दोनदा दुसरे येऊनही हैदराबाद वर का गेले नाही?

आपल्या मंडळात क्रिकेटवर बोलायला विषय लागत नाही. फुटबॉलचे तसे नाही. घरातली मुले रात्री जागून युरोपातले सामने पाहतात, पण आपल्याच शहरातला एक संघ लागोपाठ दोन वर्षे राष्ट्रीय साखळीत दुसरा आला, हे पुष्कळांना माहीत नसते. ज्यांना माहीत आहे ते विचारतात, "दुसरे आले, तर मग वरच्या साखळीत का नाही गेले?" या लेखात त्याचेच उत्तर सोप्या शब्दांत द्यायचे आहे.

संघाचे नाव श्रीनिधी डेक्कन. त्याचे घरचे मैदान म्हणजे डेक्कन अरेना. कोठीहून मेहदीपट्टणम, लंगरहौज ओलांडून मोईनाबादच्या वाटेला लागले की अझीझनगरला ते आहे. त्या दोन वर्षांत हा संघ खेळत होता आय-लीगमध्ये. आय-लीग पूर्वी देशातली प्रमुख साखळी होती. पुढे इंडियन सुपर लीगला, म्हणजे आयएसएलला, तो मान मिळाला. २०२२-२३ पासून आय-लीग दुसऱ्या पायरीची साखळी झाली आणि तिच्या विजेत्याला आयएसएलमध्ये बढती मिळू लागली.

साखळी म्हणजे काय?

आपल्या ज्येष्ठ सभासदांच्या आठवणीतला फुटबॉल चषकांचा. हैदराबाद सिटी पोलीस संघाने मुंबईचा रोव्हर्स चषक १९५० ते १९५४ असा सलग पाच वेळा जिंकला. त्यांचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली भारताने १९५१ आणि १९६२ च्या आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक मिळवले आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक. चषकाचा नियम साधा असतो: हरला तो घरी गेला.

साखळीत तसे नसते. प्रत्येक संघ इतर प्रत्येकाशी दोनदा खेळतो, एकदा आपल्या मैदानावर आणि एकदा त्यांच्या. विजयाला ३ गुण, बरोबरीला १, पराभवाला शून्य. एखाद्या दिवशी नशिबाने सामना जिंकता येतो, पण पाच-सहा महिने नशीब पुरत नाही. शेवटी गुणतालिकेत जो वर असतो, तो बहुतेक वेळा खरोखरच वरचढ असतो.

ते दोन हंगाम

२०२२-२३ मध्ये १२ संघ होते, प्रत्येकाचे २२ सामने. राउंडग्लास पंजाब ५२ गुणांसह पहिला आला, श्रीनिधी ४२ गुणांसह दुसरा. दहा गुणांचे अंतर, त्यामुळे फारशी हळहळ वाटण्याचे कारण नव्हते.

२०२३-२४ चा हंगाम मात्र चुटपुट लावणारा होता. १३ संघ, प्रत्येकाचे २४ सामने, ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत. श्रीनगरची थंडी, ऐजॉल आणि शिलाँगचे डोंगर, कोळिकोडचा दमटपणा, असा सगळा प्रवास एका हंगामात. ६ एप्रिल २०२४ ला शिलाँगमध्ये कोलकात्याच्या मोहम्मडन स्पोर्टिंगने शिलाँग लाजाँगला २-१ असे हरवले आणि विजेतेपद पक्के केले. अखेरचा हिशेब मोहम्मडन ५२, श्रीनिधी ४८ असा झाला. म्हणजे फरक फक्त चार गुणांचा. हरलेल्या दोन सामन्यांचे निकाल उलटे लागले असते तर हैदराबाद पुढे गेले असते. मोहम्मडन आयएसएलमध्ये गेला आणि श्रीनिधी होता तिथेच राहिला.

फ्रान्समध्ये काय झाले असते?

तुलनेसाठी फ्रान्सची दुसरी साखळी, 'लीग २', पाहू. तिथे पहिले दोन संघ थेट वरच्या साखळीत जातात. तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या संघांत आपसांत सामने होतात. त्यांतून जो उरतो तो वरच्या साखळीत तळाकडे राहिलेल्या एका संघाशी दोन सामने खेळतो आणि त्यातला विजेता वर राहतो.

त्याच २०२३-२४ च्या हंगामात तिथे ओसेर ७४ गुणांसह पहिला आला, आँजे ६८ गुणांसह दुसरा. अंतर सहा गुणांचे, तरीही आँजे वर गेला. तिसरा आलेला सेंत-एतिएन या जादा सामन्यांत मेस संघाला मागे टाकून वर गेला. हा मेस आदल्याच वर्षी दुसऱ्या क्रमांकावरून बढती मिळवून वर आला होता, तो पुन्हा खाली आला. थोडक्यात, श्रीनिधीइतकी कामगिरी फ्रान्समध्ये बढतीला पुरेशी ठरली असती.

या व्यवस्थेचा फायदा खालच्या संघांनाही होतो. पाचव्या क्रमांकालाही आशा असल्यामुळे तालिकेच्या मधल्या संघांचे सामने शेवटपर्यंत अर्थपूर्ण राहतात. प्रेक्षक येतात आणि खेळाडूही जीव ओतून खेळतात.

आपल्याकडे एकच जागा का?

आयएसएलची उभारणी वेगळ्या पद्धतीने झाली. त्यात संघांनी पैसे भरून जागा घेतल्या होत्या. २०१९ मध्ये आशियाई महासंघाच्या सल्ल्याने एक आराखडा ठरला: पहिली दोन वर्षे आय-लीगचा फक्त विजेता वर जाईल, आयएसएलमधून मात्र कोणी खाली येणार नाही. २०२४-२५ पासून वर-खाली दोन्ही सुरू व्हायचे होते. पण त्या हंगामात मोहम्मडन आयएसएलमध्ये शेवटचा आला, तरी खाली गेला नाही.

आय-लीगमध्ये मात्र खाली जाणे होते. मुंबईच्या कूपरेजवर खेळणारा केंकरे संघ २०२२-२३ मध्ये खालच्या पायरीवर गेला. पुढच्या वर्षी मणिपूरचे नेरोका आणि ट्राऊ हे दोन्ही संघ गेले. तिथल्या अशांततेमुळे त्यांना त्या हंगामात इम्फाळमध्ये घरचे सामनेच खेळता आले नव्हते. म्हणजे खालच्या संघांना पडण्याची भीती खरी होती, वरच्यांना ती नव्हती.

एकच जागा असली की पहिल्या क्रमांकाला अवाजवी मोल येते. २०२४-२५ चा हंगाम एप्रिलमध्ये संपला, पण गोव्याचा चर्चिल ब्रदर्स विजेता की इंटर काशी, हे जुलैमध्ये स्वित्झर्लंडच्या लोझान येथील क्रीडा लवादाने ठरवले. खेळाडूंच्या पात्रतेवरून झालेल्या वादात निकाल इंटर काशीच्या बाजूने लागला. दोघांनाही बढती असती, तर हा वाद एवढा पेटला नसता.

हैदराबादने दुसरी वाटही पाहिली आहे

वर पोचण्याची दुसरी वाट जागा विकत घेण्याची. २०१९ मध्ये एफसी पुणे सिटी हा संघ बंद झाला आणि त्याच्या जागी हैदराबाद एफसी आला. २० मार्च २०२२ ला गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर या संघाने केरळ ब्लास्टर्सला पेनल्टी शूटआउटमध्ये ३-१ असे हरवून आयएसएल जिंकली. गोव्याचा गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणी याने त्यात तीन फटके अडवले. पण पुढे पैशांची चणचण आली आणि २०२५ मध्ये हा संघ नवे नाव घेऊन दिल्लीला गेला. पुणेकरांनी २०१९ मध्ये जे अनुभवले तेच आपल्या वाट्याला आले.

शिडीची वाट सोपी आहे असे नाही. फ्रान्समध्ये सहा वेळा अजिंक्य ठरलेला बोर्दो कर्जात बुडाला आणि २०२४ मध्ये थेट चौथ्या पायरीवर उतरला. पण तो बोर्दोतच राहिला. त्याचे मैदान, त्याचे प्रेक्षक आणि पुन्हा चढण्याचा हक्क कुणी दुसऱ्या शहराला विकला नाही. जागा विकत घेणे आणि जागा कमावणे यांत हा फरक आहे, आणि गावाला आपला संघ आपला वाटतो तो त्यामुळेच.

यापुढे गुणतालिका पाहाल तेव्हा फक्त पहिले नाव वाचून थांबू नका. किती संघ वर जाणार, किती खाली, आणि पहिल्या-दुसऱ्यात किती गुणांचे अंतर आहे, एवढे तीन आकडे पाहिले की त्या हंगामात कोणाचे काय पणाला लागले आहे ते कळते. आणि अझीझनगरला सामना असेल तेव्हा मुलांना घेऊन एकदा जाऊन या. रात्री जागून दूरचे सामने पाहणाऱ्या मुलांना आपल्या शहराचा संघ जवळून पाहता येईल.